इनबॉक्स भरला की फोन उठत न्हाई

रफीक,

तुझी कच्ची वही आता माझ्याकडे आहे.

तू गेल्यावर आठ दिवसांनी शमीमवहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या कपाटात तळाला एक वही घावलीय. वर तुमचं नाव लिवलंय. सवडीनं येऊन घिऊन जावा." येतो म्हणालो, आणि पुढचे दोन आठवडे साताऱ्याहून हललो नाही. परीक्षेचं काम आहे असं सांगितलं. काम नव्हतं. त्या वहीत एक ओळ आहे, हे मला माहीत होतं.

वीस वर्षं ती ओळ आपल्या दोघांच्या मध्ये होती. मी ती तुला न सांगता गाळली. त्यामुळे तासगावकडच्या एका म्हाताऱ्या माणसाचा बेदाणा भिजला, आणि त्याच्यासमोर चूक कबूल केलीस ती तू. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. हे तुला एकदा सांगून टाकायचं, असं मी दर वर्षी ठरवायचो. तुला ते आधीच ठाऊक होतं की नव्हतं, हेही मला कधी कळलं नाही. म्हणून आज लिहायला बसलोय. तुला हसू येईल. तू म्हणायचास, मास्तर तोंडानं बोलायचं सोडून कागद शोधतो.

वडूजच्या शिंप्याचा पोरगा आणि हवालदाराचा पोरगा मोबाईलच्या प्रोग्रॅमच्या भानगडीत कसे पडले, असं लोक विचारायचे. मलाही नीट सांगता यायचं नाही. मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवत होतो. तुझं कुपवाडला वर्कशॉप होतं, कारखान्यातल्या यंत्रांचे बिघडलेले बोर्ड दुरुस्त करायचास. एका रविवारी गेलो तर टेबलावर एकसारखे दोन फोन ठेवले होते. म्हणालास, "ह्यात आपला प्रोग्रॅम चालतोय. कुनीबी लिवावा. कंपनीनं दार उघडं ठेवलंय." एक फोन माझ्या हातात दिलास. मला त्यातलं काहीच कळत नाही, मी काय करू, असं मी विचारलं, तेव्हा तू एक जाडजूड गठ्ठा पुढे सरकवलास. कंपनीचं मॅन्युअल. विश्रामबागेतल्या सायबर कॅफेत छापून घेतलेलं, चार-पाचशे पानं, सुतळीनं बांधलेलं. "हे तू कर," म्हणालास.

तुला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. तुला त्या इंग्रजीचा राग यायचा. एकेक वाक्य चार ओळींचं, आणि शेवटी हाती काही नाही. मी ते वाचून तुला मराठीत सांगायचो, तू ते फोनवर करून बघायचास, आणि दर तिसऱ्या गोष्टीला मान हलवायचास. "म्हनतोय तसं व्हत न्हाई."

कंपनीनं आणखी एक सोय दिली होती. संगणकाच्या पडद्यावर फोनचं चित्र यायचं, माऊसनं त्याची बटणं दाबायची, आणि आपला प्रोग्रॅम त्यावर चालवून बघायचा. तू त्याला खोटा फोन म्हणायचास. त्याच्यावर सगळं सुरळीत चालायचं. तोच प्रोग्रॅम खऱ्या फोनमध्ये घातला की अडायचा, कधी मधेच बंद पडायचा, कधी फोनच बंद करायचा. "खोटा फोन कवा आजारी पडत न्हाई," तू म्हणायचास, "त्याला ना बॅटरी, ना रेंज, ना कुनाचा फोन येतोय."

अडलं की कंपनीच्या सपोर्टला पत्र लिहायचं काम माझं होतं. मी ती ईमेल परीक्षेच्या निबंधासारखी लिहायचो. लगेच एक क्रमांक यायचा, आणि मग दोन आठवडे, तीन आठवडे काही नाही. उत्तर यायचं ते अतिशय सभ्य असायचं. तुमची अडचण आम्हाला समजली, कृपया मॅन्युअलचा अमुक भाग पाहावा. आपण प्रश्न विचारलेला असायचा तो नेमका त्याच भागाबद्दल. तुला पहिल्यांदा ते वाचून दाखवलं तेव्हा तू सोल्डरिंगची गन खाली ठेवलीस आणि म्हणालास, "ह्याला इचारलं विहीर कुठं हाय, तर म्हनतोय पानी विहिरीत आसतंय."

कंपनीच्या साइटवर आपल्यासारख्यांनी प्रश्न टाकायची एक जागा होती, तीही मला अजून आठवते. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तिथे लिहायची. एकानं प्रश्न टाकायचा, खाली पाच जणांनी लिहायचं, मलाही हीच अडचण आहे. उत्तर कुणाचंच नाही. एकदा वर्षभरापूर्वीचा असाच एक प्रश्न तुला दिसला आणि त्याचं उत्तर आपल्याला सापडलेलं होतं. मी म्हणालो, आता तो माणूस कुठे असेल, त्यानं नाद सोडलाही असेल. तू ऐकलं नाहीस. "लिव की. बघत आसंल बिचारा." मी लिहिलं. दोन दिवसांनी त्या माणसाचे आभार आले. त्या आठवड्यात तू भेटेल त्याला ते सांगत होतास, चहावाल्यालासुद्धा.

वह्यांची पद्धत त्यातूनच निघाली. मॅन्युअल सांगतं एक आणि फोन करतो दुसरं, तर फोन काय करतो ते आपणच लिहून ठेवू. तुझ्या अब्बांच्या दुकानात मापाची वही असायची. प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान, पानावर मापं, कोपऱ्यात कापडाचा तुकडा टाचलेला. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी अब्बा अंदाजानं कापड कापायचे नाहीत, टेप लावून बघायचे. तू तुझी कच्ची वही तशीच सुरू केलीस. जे हातानं करून बघितलं तेवढंच त्यात लिहायचं. माझ्याकडे पक्की वही. तुझ्या वहीतलं नीट मराठीत मी त्यात उतरवायचं.

दोन सह्यांचा नियम मात्र माझा. माझे वडील सांगायचे, पहारा बदलताना रजिस्टरमध्ये जाणाऱ्याची सही लागते आणि येणाऱ्याचीही. एकट्याच्या सहीवर पहारा सुटत नाही. मी म्हणालो, आपणही असंच करू. कच्च्या वहीतल्या ओळीखाली तू सही करायचीस, मग मी स्वतः करून बघायचं आणि माझी सही करायची. दोन सह्या झाल्या की ओळ पक्क्या वहीत. आणि पक्क्या वहीतून काही बाहेर द्यायचं असलं, तर पुन्हा त्याच्यावर दोघांची सही. तुला हे इतकं आवडलं की तू खास लाल पेन आणलास.

आपलं भांडण भाषेवरून व्हायचं. तू लिहायचास, "हे बटन दोनदा दाबू ने, दाबलं की मरतंय." मी पक्क्या वहीत लिहायचो, "हे बटण एकदाच दाबावे." तू ते वाचून म्हणायचास, मरतंय कुठं गेलं? मी म्हणायचो, एकदाच दाबावे म्हटल्यावर ते आलंच. तू म्हणायचास, "तू लय धुतोस रं. कापड धुतलं की आटतंय, मास्तर. मग माप चुकतंय." मी हसण्यावारी न्यायचो. हे भांडण आपण शेवटपर्यंत संपवलं नाही, आणि आज मला कबूल करायला हरकत नाही, त्यात तू बरोबर होतास.

आपला प्रोग्रॅम साधा होता. बेदाण्याची द्राक्षं शेडमध्ये जाळ्यांवर वाळत असतात, बाजू वाऱ्यासाठी उघड्या असतात, आणि पाडव्याच्या आसपास कधी वळीव गाठेल याचा नेम नसतो. पडदे सोडायला अर्धा तास मिळाला तरी माल वाचतो. तासगावकडचे म्हातारे बेदाणावाले सुभेदार तुझ्याकडे मोटारीचा स्टार्टर दुरुस्तीला घेऊन आले होते, त्यांच्या बोलण्यातून तुला हे सुचलं. ज्याला आधी ढग दिसेल त्यानं आपल्या फोनवर पाच दाबायचं. यादीतल्या सगळ्यांच्या फोनवर तो निरोप जायचा, आणि त्यांचा प्रोग्रॅम बंद असला, फोन खिशात असला, तरी फोन आपणहून उठून मोठ्यानं घंटा वाजवायचा. ती घंटा तू चार दिवस बसून तयार केलीस. शाळेच्या घंटेसारखी, पण जरा किरटी. वहिनी म्हणाल्या होत्या, ह्या आवाजानं पाऊसच परत जाईल.

आणि मग ती ओळ. एका रविवारी तू वही उघडून ठेवली होतीस. "इनबॉक्स भरला की फोन उठत न्हाई. दोनदा बघितलं." खाली तुझी लाल सही.

मी मॅन्युअल काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की प्रोग्रॅमचे निरोप वेगळ्या वाटेनं येतात, इनबॉक्सशी त्यांचा संबंध नाही. तू म्हणालास, आसंल, पन उठत न्हाई. फोन भरून बघ आणि सही कर. मी भरून बघितला नाही. खरं कारण सांगतो, मला कंटाळा आला. त्याऐवजी मी सपोर्टला पत्र लिहिलं. तीन आठवडे आपण त्या एका ओळीवर वाद घातला. मग उत्तर आलं. तसं होऊ शकत नाही, मॅन्युअलमध्ये दिलेलं बरोबर आहे. आणि त्याच्या वर एक वाक्य होतं, जे मी तुला तेव्हा वाचून दाखवलं नाही. इतक्या नेमक्या शब्दांत अडचण मांडल्याबद्दल त्या माणसानं माझे आभार मानले होते. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेन, सांगवत नाही. मुलांचे पेपर तपासता तपासता आयुष्य चाललेल्या माणसाला दूर कुठून तरी कुणीतरी शाबासकी दिली होती. त्या माणसाचं पुढचं वाक्य खोटं असेल, असं माझ्या मनात आलं नाही.

शेडवाल्यांना वाटायचं पत्रक मी पक्क्या वहीवरून तयार केलं. फोन चालू ठेवा, चार्ज ठेवा, पाच कधी दाबायचं, कधी दाबायचं नाही. "मेसेज साठू देऊ नका" हे त्यात घातलं नाही. कंपनी नाही म्हणते, आणि आपण उगाच लोकांना घाबरवायचं कशाला, असं मी स्वतःला समजावलं.

त्या दिवशी मी साताऱ्याला मुलाखतीला निघालो होतो. तू पत्रक छापायला न्यायला सांगलीच्या स्टँडवर आलास. मी कागद तुझ्या हातात दिला आणि म्हणालो, सही कर लवकर, गाडी सुटेल. तू स्कूटरच्या सीटवर कागद ठेवलास, लाल पेन काढलास आणि सही केलीस. वाचलं नाहीस. मी बघत होतो. वाचलं असतंस तर तुला ती ओळ नाही हे दिसलं असतं आणि तू तिथेच भांडायला उभा राहिला असतास. तू वाचलं नाहीस याचं मला बरं वाटलं. गाडीला अजून पाऊण तास होता, रफीक. मी तो पाऊण तास स्टँडवर चहा घेत बसलो.

त्यानंतर पाडवा आला. तेव्हा नव्या फोनचं सगळ्यांना कौतुक, जो तो दुसऱ्याला शुभेच्छा पाठवत होता, आलेल्या तिसऱ्याला पुढे ढकलत होता. त्या फोनच्या पोटात मेसेज मावायचेच किती? वीसेक. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता वरच्या गावातल्या माणसानं ढग बघून पाच दाबलं. ठरल्याप्रमाणे, वेळेवर. खाली यादीतला एकच फोन वाजला. तो भीमरावाचा. भीमरावाचं गावात कुणाशी पटायचं नाही, त्याला कुणी शुभेच्छा पाठवल्या नव्हत्या. त्याचे पडदे वेळेत खाली आले.

सकाळी आपण तुझ्या स्कूटरवरून सुभेदारांच्या शेडवर गेलो. दहा दिवस वाळत आलेला माल होता. हिरवट सोनेरी मणी काळपट पडून जाळीला चिकटलेले, आणि सुभेदार त्याच्याखालून हात फिरवत उभे होते. तू त्यांचा फोन मागून घेतलास. वर पाकिटाचं चिन्ह फडफडत होतं. तू एक मेसेज पुसलास. मिनिटभर गेलं असेल नसेल, आणि फोन ओरडायला लागला. पाऊस येतोय म्हणून. ओल्या शेडमध्ये, लख्ख उन्हात.

सुभेदारांनी फोनकडे बघितलं. "आत्ता सांगतंय व्हय?" म्हणाले. मग मेसेज एकेक करून बघितले. सगळे पाडव्याचे. "शुभेच्छांनी घात केला रं पोरांनो."

तू फोन त्यांच्या हातात परत दिलास आणि म्हणालास, "चूक आमची हाय, सुभेदार. आमाला म्हाईत व्हतं. सांगायला पायजे व्हतं, सांगितलं न्हाई."

ते ऐकलं आणि मी तुझ्याकडे बघायचं टाळलं. आमची, असं म्हणालास. मी म्हणायला हवं होतं, माझी. तोंड उघडलं नाही. सुभेदारांनी आपल्याला चहा दिला. पुढच्या हंगामात त्यांनी परत तोच प्रोग्रॅम मागितला, पण बाकीच्यांचा विश्वास उडाला होता. मला साताऱ्याला नोकरी लागली. दोन-तीन वर्षांत काचेचे फोन आले आणि ते जुने फोन कुणी हातात घेईना. कंपनीनं ती साइटही बंद केली. माझी नेमक्या शब्दांतली पत्रं, त्यांची सभ्य उत्तरं, त्या अनोळखी माणसाचे आभार, सगळं गेलं. राहिल्या आपल्या दोन वह्या. तुझी तुझ्याकडे, माझी माझ्याकडे.

त्या सकाळी शेडवरून परतताना तू स्कूटरवर एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, राग आलाय. मग कधीच तो विषय काढला नाहीस. मी म्हटलं, माफ केलंय. पण दर पाडव्याला सकाळी तुझा फोन यायचा, आणि पहिलं वाक्य ठरलेलं. "मेसेज करत न्हाई गड्या. भरंल." मी हसायचो. तूही हसायचास. आणि फोन ठेवल्यावर मला दिवसभर चैन पडायचं नाही. हा टोमणा आहे का? हा माणूस मला बोलायची संधी देतोय का? वीस पाडवे मी ह्याच प्रश्नात घालवले. ईदला तुझ्याकडे शिरखुर्मा खायला यायचो तेव्हा बोलणार असायचो, तर तू पोरीच्या, नाजियाच्या शाळेचं काहीतरी काढायचास. या पाडव्याला तुझा आवाज ओढलेला होता. मी ठरवलं होतं, आज सांगायचंच. तू म्हणालास, नाजियाला पुण्यात नोकरी लागलीय, प्रोग्रॅम लिहायचीच. ती लिहिते त्याच्याखाली नीट माहिती लिहीत नाही म्हणून तिला ओरडलो, म्हणालास. इतका खूश होतास. मी म्हटलं, पुढच्या वेळी.

परवा शेवटी आलो. साताऱ्याहून येताना माझा जुना, अजून चार्ज होणारा फोन आणि पक्की वही पिशवीत घातली होती. का घातली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. नाजिया रजेवर घरीच होती. वहिनींनी पाणी दिलं आणि वही समोर ठेवली. आपल्या दोघांच्या बोटांनी काळी पडलेली तीच. वर लाल पेनानं, "मास्तरला."

मला पान शोधावं लागलं नाही. वही तिथेच उघडली, इतकी ती तिथे उघडली गेली असावी. ओळ तिथेच होती, तुझी सही होती, शेजारी माझ्या सहीची जागा कोरी. आणि तिच्याखाली तू नंतर कधीतरी लिहिलं होतंस:

"ही वळ पत्रकात न्हवती. स्टँडवर सही केली ती न वाचता. मास्तरचं अक्षर बघून केली. वाचलं आसतं तर कळलं आसतं. सुभेदारांचा माल माझ्यामुळं भिजला. मास्तरला सांगायचं हाय."

त्याच्याखाली दुसऱ्या शाईत, दुसऱ्या कुठल्यातरी वर्षी, पुन्हा: "सांगायचं हाय."

मी वही मांडीवर तशीच उघडी ठेवली. मग वहिनींना म्हणालो, ती ओळ मी गाळली होती. त्याला सांगितलं नव्हतं. मुद्दाम घाई केली होती. हे सगळं मी तुला न सांगता तुझ्या बायकोला सांगत होतो, रफीक, तुझ्याच खोलीत.

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाल्या, "ते म्हनायचे, मास्तरनं दिलं आन मी वाचलंच न्हाई. दर पाडव्याला फोन करून झाला की म्हनायचे. आज सांगनार व्हतो, पन त्यो हसाय लागला." मग म्हणाल्या, "दोघांच्या सह्या व्हत्या न्हवं? मग दोघांचीबी चूक. आता मिटवा."

नाजियानं वही माझ्या हातातून घेतली आणि ती ओळ दोनदा वाचली. मग मला म्हणाली, "काका, पण तुमची सही नाहीये. तुम्ही बघितलंच नाही का कधी?" तुझीच पोरगी. मी नाही म्हणालो. ती उठली आणि तुझा फोन घेऊन आली. तू गेल्यावर तिनं सांगलीतून त्याला बॅटरी आणून घातली होती, नुसतं चालू होतंय का बघायला. कुठून तरी दोन सिम काढली, प्लॅस्टिकची चौकट लावून दोन्ही फोनांत बसवली, माझ्या फोनच्या यादीत तुझ्या फोनचा नवा नंबर घातला. तुझा इनबॉक्स अजून भरलेलाच होता. तू दुसऱ्यांदा करून बघितलंस तेव्हा वहिनींकडून तो भरून घेतला होतास, आणि नंतर एकही मेसेज पुसला नव्हतास. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. घरी या. जेवण झालंय. दूध आणा. पोरगीला ताप आहे, लवकर या. ताप उतरला, सावकाश या. कशाला पाठवायला लावताय. अजून किती पाठवू.

मी माझ्या फोनवर पाच दाबलं. तिघंही तुझ्या फोनकडे बघत बसलो. काही नाही. पाकिटाचं चिन्ह नुसतं फडफडत राहिलं. नाजियानं घड्याळ लावून पाच मिनिटं वाट बघितली.

"एक पुसायला लागेल," ती म्हणाली, आणि आईकडे बघितलं. मी म्हणालो, राहू दे, एवढं पुरे आहे, काही पुसायचं नाही. वहिनींनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि एकेक मेसेज वाचत खाली गेल्या. मग परत वर आल्या.

"दुधाचा काढ," म्हणाल्या. "त्यांनी ते आनलंच न्हवतं."

नाजियानं तो पुसला. आणि थोड्या वेळानं तुझी घंटा वाजली. शाळेच्या घंटेसारखी, जरा किरटी. सगळ्या घरात. वहिनी फोन दोन्ही हातांत धरून बसल्या, कुणी बंद केला नाही. तो आपला आपण थांबला.

मी लाल पेन मागितला. तो तुझ्या टेबलावरच होता, पण सुकला होता. नाजियाच्या साध्या निळ्या पेनानं तुझ्या सहीशेजारी सही केली. मग पक्की वही काढली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर ती ओळ उतरवली. तुझ्या शब्दांत. एक अक्षर धुतलं नाही.

कच्ची वही मला न्यायची नव्हती, वहिनींनी ऐकलं नाही. पक्की नाजियाकडे ठेवून आलो.

पाडव्याला आता सकाळी फोन मीच करणार आहे, तुझ्या घरी. मेसेज करणार नाही. भरंल.